सिंगापूर ते न्यूयॉर्क: भागाकार १७ तास सांगतो, तिकीट १८ तास ४० मिनिटं सांगतं, मग खरं काय?

प्रश्न थोडक्यात असा. सिंगापूरच्या चांगी एअरपोर्टपासून न्यूयॉर्कच्या जेएफकेपर्यंतचं अंतर एका वेबसाइटवर १५,३३० किलोमीटर दिसतं, दुसरीकडे १५,३५०, तिसरीकडे साधारण ९,५३० मैल आणि चौथीकडे चक्क ८,२८० मैल. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरला तर १७ तास येतात, पण तिकिटावर १८ तास ४० मिनिटं लिहिलेत, आणि ट्रॅकर ॲपवर तेच विमान १६,००० च्या वर किलोमीटर उडालेलं दिसतं. यातला कुठला आकडा बरोबर?

सगळे बरोबर आहेत, फक्त प्रत्येक आकडा वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतोय. मी वीसेक वर्षं फ्लाइट डिस्पॅचर आहे, म्हणजे विमान उडायच्या काही तास आधी वारा, रूट, फ्युएल, वजन बघून प्लॅन बनवणारा आणि कॅप्टनबरोबर त्यावर सही करणारा माणूस. दोन एअरपोर्टमधलं अंतर किती असं आम्हाला दिवसभरात कोणीच विचारत नाही, आम्ही स्वतःलाही विचारत नाही. आमचा प्रश्न असतो की आज हवेतून किती कापायचंय. ते कसं ते पुढे येईलच, आधी किलोमीटरचा घोळ मिटवू.

पृथ्वी गोल असल्यामुळे दोन जागांमधला सगळ्यात जवळचा रस्ता म्हणजे ग्रेट सर्कल. ग्लोब घ्या, दोन ठिकाणांवर दोरा ताणून धरा, दोरा जिथून जाईल तो ग्रेट सर्कल. आता ही जोडी मला फार आवडते कारण हिचं अंतर कॅल्क्युलेटरशिवाय निघतं. चांगी साधारण १०४ अंश पूर्व रेखांशावर, जेएफके साधारण ७४ अंश पश्चिमेवर. बेरीज १७८. म्हणजे दोन्ही एअरपोर्ट पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या रेखांशांवर बसलेत, आणि असं असलं की ताणलेला दोरा सरळ उत्तर ध्रुवाजवळून जातो. मग काय करायचं, सिंगापूरहून ध्रुवापर्यंत किती आणि ध्रुवावरून न्यूयॉर्कपर्यंत किती ते मोजायचं. चांगी १.३६ अंश उत्तर, म्हणजे ध्रुवापासून ८८.६४ अंश लांब. जेएफके ४०.६४ अंश उत्तर, म्हणजे ४९.३६ अंश लांब. झाले बरोबर १३८ अंश. एका अंशात ६० नॉटिकल मैल, म्हणून १३८ गुणिले ६० म्हणजे ८,२८० नॉटिकल मैल. एक नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा, गुणून बघा, १५,३३५ च्या आसपास येतं.

चौथ्या वेबसाइटच्या ८,२८० मैलांचं गूढ इथेच सुटलं, ते नॉटिकल आहेत. ९,५३० वाले रस्त्यावरचे साधे मैल, १.६०९ किलोमीटरचे. बऱ्याच साइट्स नुसतं मैल लिहून मोकळ्या होतात आणि लोक तासन्‌तास वाद घालत बसतात. राहिला १५,३३० आणि १५,३५० मधला फरक. पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, विषुववृत्ताजवळ त्रिज्या ६,३७८ किलोमीटर तर ध्रुवाकडे ६,३५७. ज्या साइटने पृथ्वी चेंडूसारखी धरली तिचा आकडा खऱ्यापेक्षा जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याने चुकू शकतो, पंधरा हजारात अर्धा टक्का म्हणजे ७५ किलोमीटर. शिवाय काही साइट्स एअरपोर्टऐवजी शहराचा मध्य धरतात. तेव्हा वीस-तीस किलोमीटरच्या फरकासाठी डोकं लावू नका, तेवढं तर विमान दोन मिनिटात कापतं.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या नाहीतर पुढचं सगळं उलटं वाटेल. भिंतीवरचा सपाट नकाशा या बाबतीत ठार फसवतो. त्यावर ६० अंश अक्षांशाजवळची जमीन रुंदीला दुप्पट ताणलेली असते. फिनलंडचं हेलसिंकी आणि अलास्कातलं अँकरेज घ्या, दोन्ही साधारण ६० अंश उत्तरेला. नकाशावर पट्टी ठेवली तर एकाकडून दुसऱ्याकडे आडवं जावं लागतं, जवळजवळ अर्ध्या जगाला वळसा, आणि त्या अक्षांशावरून गेलं तर ९,७०० किलोमीटर होतात. पण दोघांचे रेखांश समोरासमोर आहेत, १७५ अंशांचा फरक. ध्रुवावरून उडी मारली तर साधारण ६,५०० किलोमीटरमध्ये काम होतं. तीन हजार किलोमीटर वाचले, नुसता नकाशा बाजूला ठेवून! शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत हद्द बंद होती तेव्हा युरोपातून टोकियोला जाणारी विमानं अँकरेजला फ्युएल भरायला उतरायची ती याच भूमितीमुळे, १९५७ मध्ये कोपनहेगन-अँकरेज-टोकियो सर्व्हिस सुरू झाली तीही याच वाटेने.

आता मुद्द्याचं.

विमान जमिनीवर चालत नाही, हवेत चालतं. हे वाक्य इतकं उघड आहे की कोणी त्याचा विचारच करत नाही. विमानाचा ९०० चा वेग हा आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत असतो, आणि ती हवा स्वतःच पळत असते. एअरपोर्टवरचा सरकता पट्टा आठवा, त्यावर चालणारा माणूस पावलं तेवढीच टाकतो पण पट्टा बरोबर असला की लवकर पोचतो, उलट्या पट्ट्यावर चढला की घाम निघतो. मधल्या अक्षांशांवर ३०,००० ते ४०,००० फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जो वारा वाहतो, जेट स्ट्रीम, तो हिवाळ्यात ताशी २०० ते ३०० किलोमीटरपर्यंत सहज जातो. म्हणजे पट्टा कधीकधी माणसाच्या वेगाच्या एक तृतीयांश वेगाने पळतोय.

म्हणून आमच्या प्लॅनमध्ये दोन अंतरं असतात. एक जमिनीवरचं आणि एक हवेतलं, आम्ही एअर डिस्टन्स म्हणतो. टेलविंड म्हणजे पाठीमागून वारा असेल तर हवेतलं अंतर जमिनीवरच्यापेक्षा कमी भरतं, हेडविंड म्हणजे समोरून वारा असेल तर जास्त. फ्युएल जळतं ते हवेतल्या अंतराला. वेळ लागतो तो हवेतल्या अंतराला. जमिनीवरचे किलोमीटर हे वेबसाइटवाल्यांसाठी आणि फ्रीक्वेंट फ्लायर पॉइंट्ससाठी.

याचा सगळ्यात झकास पुरावा २०१९ चा आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासने त्या वर्षी बोईंग ७८७-९ घेऊन तीन चाचणी उड्डाणं केली, मोजकी माणसं घेऊन, माल नाही. त्यातली पहिली दोन बघा, ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क ते सिडनी आणि नोव्हेंबरमध्ये लंडन ते सिडनी. न्यूयॉर्क-सिडनी ग्रेट सर्कल साधारण १६,००० किलोमीटर, लंडन-सिडनी साधारण १७,०००. हजार किलोमीटरचा फरक, म्हणजे तासाभराहून जास्त फरक पडायला हवा की नाही? पहिल्याला १९ तास १६ मिनिटं लागली, दुसऱ्याला १९ तास १९ मिनिटं. तीन मिनिटं! कारण न्यूयॉर्कहून सिडनीला पश्चिमेकडे जायचं, वाऱ्याच्या तोंडावर, आणि लंडनहून पूर्वेकडे, वारा पाठीशी. जमिनीवर हजार किलोमीटर जास्त असूनही हवेत दोन्ही प्रवास जवळपास सारखेच. मी नवीन पोरांना शिकवताना हे उदाहरण देतो आणि मग वेगळं काही सांगावं लागत नाही.

दुसरं उदाहरण बहुतेकांना माहीत असेल. न्यूयॉर्क-लंडन ५,५५५ किलोमीटर, एरवी साडेसहा तासांच्या आसपास उडतात. फेब्रुवारी २०२० मध्ये कियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ चार तास ५६ मिनिटांत पोचलं, मध्ये ग्राउंड स्पीड, म्हणजे जमिनीच्या तुलनेतला वेग, ताशी १,३२० किलोमीटरच्या पुढे गेला होता. लगेच बातम्यांत आलं की विमान आवाजापेक्षा वेगात उडालं. नाही हो. हवेच्या तुलनेत ते नेहमीच्याच वेगाने चाललं होतं, पट्टाच सुसाट होता. आवाजापेक्षा खरोखर वेगात उडणारं काँकॉर्ड याच वाटेवर १९९६ मध्ये दोन तास ५२ मिनिटं ५९ सेकंदात गेलं होतं, फरक त्यावरूनच कळतो.

मग लोक म्हणतात, जाताना फायदा येताना तोटा, फिट्टंफाट. फिट्टंफाट होत नाही, आणि हे मी कागदावर करून दाखवल्याशिवाय कोणाला पटत नाही. हेच ५,५५५ किलोमीटर घ्या, विमानाचा वेग ९००, वारा १५०. वाऱ्याबरोबर ग्राउंड स्पीड १,०५०, वेळ पाच तास १७ मिनिटं. वाऱ्याविरुद्ध ७५०, वेळ सात तास २४ मिनिटं. एकूण १२ तास ४१ मिनिटं. वाराच नसता तर दोन्ही फेऱ्या मिळून १२ तास २१ मिनिटं लागली असती. वीस मिनिटं गेली कुठे? विरुद्ध वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ राहता, त्यामुळे तोटा जास्त वेळ सोसता, फायदा मात्र लवकर संपतो. म्हणून वारा हा जाऊन-येऊन धरला तर नेहमीच नुकसानीचा सौदा असतो, आणि म्हणूनच आम्ही येताना त्याच वाटेने आणत नाही, वारा टाळून बाजूने आणतो.

अजून एक शंका दर सहा महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, की पृथ्वी फिरते ना, मग पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाला मुक्काम स्वतःहून जवळ यायला नको का. हवा पृथ्वीबरोबरच फिरते, विमान पार्क केलेलं असतं तेव्हापासून तेही फिरतच असतं, त्यामुळे तो फायदा मिळत नाही. जेट स्ट्रीम तयार होण्यात पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे एवढं खरं, बाकी सोडून द्या.

आता सिंगापूर-न्यूयॉर्कचे जास्तीचे किलोमीटर. दोरा ध्रुवावरून जातो म्हटलं, पण तो १०४ रेखांश धरून वर सरकतो, म्हणजे इंडोचायना, मग चेंगडूच्या आसपास, डाव्या हाताला तिबेटचं पठार सुरू, पुढे मंगोलिया, सायबेरिया, ध्रुव, आणि पलीकडे कॅनडा. या रेषेवर प्रत्यक्ष उडायला अडचणी ढीगभर. पठाराचं सांगतो कारण ते लोकांना माहीत नसतं. केबिनचं प्रेशर गेलं तर विमानाला पटकन १०,००० फुटांवर खाली यावं लागतं, प्रवाशांच्या डोक्यावरून पडणाऱ्या मास्कचा ऑक्सिजन साधारणपणे १२ ते १५ मिनिटांचाच असतो. खाली जमीनच १५,००० फुटांवर असेल तर उतरणार कुठे? म्हणून अशा भागावरून जायचं तर आधीच सुटकेच्या वाटा आखाव्या लागतात, नाहीतर बाजूने जायचं. मग देशांच्या परवानग्या, प्रत्येक देशाची ओव्हरफ्लाइट फी, आणि २०२२ नंतर बऱ्याच एअरलाइन्ससाठी रशियाचं आकाश बंदच. हेलसिंकी-टोकियो एरवी नऊ-साडेनऊ तासांत व्हायचं, मार्च २०२२ पासून फिनएअरला ते ध्रुवावरून किंवा दक्षिणेकडून वळसा घालून करावं लागलं आणि तेरा तासांच्या घरात गेलं. एअरपोर्ट जागचे हलले नाहीत, वेबसाइटवरचं अंतर तेच राहिलं, वेळ मात्र चार तासांनी वाढला.

पण सिंगापूर-न्यूयॉर्कची गंमत अशी की समोरासमोरचे रेखांश असल्यामुळे ध्रुव सोडून जरा बाजूने गेलं तरी फार महाग पडत नाही. म्हणून सिंगापूरहून निघालेलं विमान बहुतेक वेळा जपानच्या बाजूने वर चढतं, उत्तर पॅसिफिकवरची जेट स्ट्रीम पाठीला घेतं आणि अलास्का-कॅनडावरून न्यूयॉर्कला उतरतं. रूट १६,५०० किलोमीटरच्या आसपास होतो. आणि परतताना? परतताना बऱ्याचदा अटलांटिक, युरोप करत पुन्हा पूर्वेकडेच! म्हणजे जातानाही वारा पाठीशी, येतानाही वारा पाठीशी, आणि प्रवासी पृथ्वीला पूर्ण प्रदक्षिणा घालून घरी. असल्या जोड्या जगात मोजक्याच आहेत, प्लॅन करायला मजा येते.

मग तिकिटावरच्या १८:४० चा कच्चा हिशोब असा मांडता येईल. ग्रेट सर्कलचे १७ तास. वाटेच्या वळशाचे साधारण सव्वा तास. चढताना आणि उतरताना विमान ९०० ने जात नाही, १०,००० फुटांखाली तर २५० नॉटच्या (ताशी नॉटिकल मैलांच्या) वर सहसा जाऊ देत नाहीत, शिवाय रनवेच्या दिशेनुसार एअरपोर्टभोवती फिरावं लागतं, त्याची १५ मिनिटं. दोन्हीकडचं टॅक्सी, म्हणजे स्टँड आणि रनवेमधलं जमिनीवरचं चालणं, धरून ४० मिनिटं. बेरीज १९ तास १० मिनिटांच्या आसपास, त्यातून वाऱ्याने दिलेला अर्धा तास वजा केला की तिकिटावरच्या आकड्याजवळ आलात. रोज यातला एकेक भाग इकडेतिकडे होतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये ही सर्व्हिस न्यूयॉर्कशेजारच्या नेवार्क एअरपोर्टला पुन्हा सुरू झाली तेव्हा पहिलंच विमान १७ तास ५२ मिनिटांत पोचलं होतं.

टॅक्सीचा मुद्दा लोक हमखास विसरतात. तिकिटावरचा वेळ हा ब्लॉक टाइम असतो, पुशबॅक होऊन चाकं हलली तिथपासून पलीकडे स्टँडवर चाकं थांबली तिथपर्यंत. ट्रॅकर ॲप सहसा टेकऑफ ते लँडिंग दाखवतं. दोन्हीत अर्धा-पाऊण तासाचा फरक असतो आणि त्यावरून विमान लवकर पोचलं म्हणून पायलटचं कौतुक करणारे मेसेज फिरतात. शिवाय एअरलाइन ब्लॉक टाइममध्ये थोडी उशी ठेवते म्हणजे दहा मिनिटं उशिरा निघूनही वेळेवर पोचल्याचं रेकॉर्ड राहतं. ट्रॅकरच्या किलोमीटरवरही पूर्ण विसंबू नका, समुद्रावर आणि ध्रुवाकडे जिथे रिसीव्हर नसतात तिथे काही ॲप्स अंदाजाने रेघ ओढून टाकतात.

ट्रेनी असतानाची एक फजिती सांगतो. मी ज्या एअरलाइनमध्ये होतो तिथे एका रात्री लांब पल्ल्याच्या फ्लाइटसाठी सिस्टीमने तीन रूट काढून दिले होते आणि मला त्यातला निवडायचा होता. मी आपला सगळ्यात कमी किलोमीटरवाला निवडला, त्यात काय विचार करायचा. सीनियर बाजूलाच बसले होते, त्यांनी काही न बोलता स्क्रीनवरच्या दोन रकान्यांवर बोट ठेवलं. माझा रूट जमिनीवर साडेतीनशे किलोमीटर कमी होता आणि वेळ २२ मिनिटं जास्त. फ्युएल दोन टनांच्या वर जास्त. मग म्हणाले, "अरे बाबा, तुला टॅक्सीचं मीटर भरायचंय का विमान पोचवायचंय?" पुढची दोन वर्षं मला सगळे मीटर म्हणूनच हाक मारायचे.

ते दोन टन ऐकायला किरकोळ वाटतात पण लांब फ्लाइटमध्ये त्याची साखळी लागते. जास्त फ्युएल न्यायचं तर त्या फ्युएलचं वजन उचलायला अजून फ्युएल जळतं. ढोबळ नियम असा की जादा घेतलेल्या वजनाच्या तीन-चार टक्के फ्युएल दर तासाला नुसतं ते वाहण्यात जातं, म्हणजे पंधरा तासांच्या फ्लाइटवर एक टन जादा शिल्लक हवं असेल तर दीड टनाहून जास्त भरावं लागतं. हेडविंड फारच तगडा असला आणि विमानाचं टेकऑफ वजन मर्यादेला टेकलं असलं की मग माल उतरवावा लागतो, क्वचित बॅगा, क्वचित माणसं. म्हणूनच या सिंगापूर रूटसाठी एअरबसने ए३५०-९०० यूएलआर (अल्ट्रा लाँग रेंज) नावाचं खास व्हेरियंट दिलं, फ्युएल १,४१,००० लिटरवरून १,६५,००० लिटरपर्यंत वाढवलं, आणि सीट फक्त १६१, इकॉनॉमी क्लासच नाही. त्या फ्लाइटला इकॉनॉमी का नाही असं विचारणाऱ्याला उत्तर वाऱ्यात आणि वजनात आहे, तेवढ्या अंतरावर पूर्ण भरलेलं केबिन नेणं परवडत नाही.

वारा किती असेल ते कळतं कसं, तर लंडन आणि वॉशिंग्टन अशी दोन जागतिक केंद्रं दर सहा तासांनी उंचीवरच्या वाऱ्याचा अंदाज देतात, सगळ्या एअरलाइन्सच्या सिस्टीम तोच खातात. अटलांटिकवर तर रोज दोनदा वाऱ्यानुसार नवे ट्रॅक आखले जातात, दिवसा पश्चिमेकडे जाणाऱ्यांचे, रात्री पूर्वेकडे जाणाऱ्यांचे. काल ज्या रेषेवरून गेलात ती आज तिथे नसते. समुद्रावरचे रस्ते रोज पुसून नव्याने काढल्यासारखं.

दोन इंजिनवाल्या विमानाला अजून एक बंधन, एक इंजिन बंद पडलं तर ठराविक वेळेत कुठल्यातरी एअरपोर्टला पोचता आलं पाहिजे. पूर्वी ही मर्यादा ६० मिनिटं होती, आता ७८७ ला ३३० मिनिटांपर्यंत आणि ए३५० ला ३७० मिनिटांपर्यंत मंजुरी आहे, म्हणून सिडनी-सँटियागोसारखे दक्षिणेच्या ओसाड समुद्रावरून जाणारे रूट दोन इंजिनांवर होऊ लागले. ध्रुवाकडे थंडीची वेगळी कटकट, जेट ए-१ फ्युएलचा गोठणबिंदू उणे ४७ आहे आणि बाहेरची हवा त्याहून गार असू शकते, टाकीचं तापमान बघत जावं लागतं, फार उतरलं तर खालच्या उंचीवर या नाहीतर वेग वाढवा.

आता घड्याळाचं, कारण अर्धे प्रश्न खरं तर तिथूनच येतात. समजा सिंगापूरहून रात्री बरोबर बारा वाजता, १० तारीख सुरू होताना, निघालात. हिवाळ्यात न्यूयॉर्क सिंगापूरच्या १३ तास मागे. १८ तास ४० मिनिटांनी उतरलात तर तिथे १० तारखेचे पहाटेचे ५:४० वाजलेले असतील. तिकिटावर सुटायची ००:०० आणि पोचायची ५:४०, तीच तारीख, बघणाऱ्याला वाटतं पावणेसहा तासांची फ्लाइट. उलट न्यूयॉर्कहून १० तारखेला रात्री साडेदहाला निघालात तर सिंगापूरला १२ तारखेला सकाळी ६:१०. मधली ११ तारीख विमानातच गेली. ऑकलंड-लॉस एंजलिस तर अजून भारी, जुलैमध्ये संध्याकाळी आठला निघून बारा तासांनी उतरलात तर तिथे त्याच दिवशीचा दुपारचा एक, म्हणजे निघायच्या सात तास आधी पोचलात. सोपा उपाय एकच, दोन्ही वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, करून मग वजाबाकी करायची. आणि उन्हाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ एक तास पुढे जातं, सिंगापूरचं नाही, हे विसरायचं नाही.

तुम्हाला कुठल्याही दोन लांबच्या एअरपोर्टसाठी पटकन अंदाज हवा असेल तर मी असं करतो. ग्रेट सर्कलचे किलोमीटर भागिले ८५० आणि वर अर्धा तास. सिंगापूर-न्यूयॉर्कला हे साडेअठरा येतं, पर्थ-लंडनच्या १४,५०० ला साडेसतरा, न्यूयॉर्क-लंडनला सात. मग रूट पूर्व-पश्चिम असेल आणि मधल्या अक्षांशांवरून जात असेल तर पूर्वेकडे जाताना पाच-सात टक्के कमी करा, पश्चिमेकडे तेवढेच वाढवा, हिवाळ्यात दहा धरा. उत्तर-दक्षिण रूटला किंवा विषुववृत्ताजवळ असलं काही करू नका, तिथे वारा फार ढवळाढवळ करत नाही. मध्ये एखाद्या देशाचं आकाश बंद असेल तर हे सूत्र कचऱ्यात टाका. आणि उत्तर २३-२४ तासांच्या वर आलं तर कुठेतरी चुकलंय, कारण पृथ्वीवर कुठल्याही दोन ठिकाणांत साधारण २०,००० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असूच शकत नाही.

कनेक्शन गाठायचं असेल, कोणी घ्यायला येणार असेल, म्हणजे नक्की वेळ लागणारच असेल तर सूत्रबित्र सोडा. त्याच फ्लाइट नंबरचे मागचे पंधरा दिवस ट्रॅकरवर काढा, टेकऑफ ते लँडिंगचा वेळ लिहून घ्या, सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त बघा. सिंगापूर-न्यूयॉर्कला त्या दोन टोकांत तासाभराचा फरक दिसला तरी दचकू नका. त्यातलं जास्तीचं टोक घ्या, त्यात टॅक्सीची पाऊण तास भर घाला आणि तो वेळ घ्यायला येणाऱ्याला सांगा.